अस्तराच्या आधी

जुनं लाकडी सामान घरात आलं की पहिले काही दिवस त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही, पाणी मारायचं नाही आणि रंगाच्या डब्याचं झाकण तर उघडायचंच नाही, असा बाईंचा दंडक आहे. आधी ब्रशनं फटीफटींतला भुसा झाडून काढायचा, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, सामान त्यावर उभं करायचं आणि रोज सकाळी वाकून कागद बघायचा. पिठासारखा बारीक भुसा पुन्हा पडलेला दिसला तर आत किडा जिवंत आहे. कागद कोरा राहिला तर भोकं जुनी, किडा कधीच उडून गेलेला. "घरच्यांना वाटतं, मी नुसती बसून आहे," बाई म्हणतात. "पण निम्मं काम इथंच होतं."

बाई नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. सोसायटीतले लोक त्यांना बाईच म्हणतात, आणि त्यांना लाकडाचं काम शिकवणारे पंचवटीतले पॉलिशवाले मिस्त्रीही. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटची मागची गॅलरी ही त्यांची कार्यशाळा. तिथे सध्या एका आरामखुर्चीचा सांगाडा, एका पायानं अधू झालेली घडवंची आणि जुन्या सुती साड्यांच्या फडक्यांची पिशवी आहे. कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही, यावरून घरात अधूनमधून बोलणं होतं.

सामान आलं ते दहीपुलाजवळच्या सासरच्या वाड्यातून. जुन्या नाशकात वाडा बिल्डरला द्यायचा ठरला की भिंती पडायच्या आधी लाकूड विकलं जातं. खांब, तुळया, चौकटी यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं सागवान आज नव्यानं विकत घ्यायचं म्हटलं तर मिळत नाही. नाशिकला सागासाठी फार लांब जावं लागत नसे. पश्चिमेला पेठ-सुरगाण्याचे डोंगर आणि त्यांच्या पलीकडे डांग. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तिथली जंगलं पट्ट्यानं घेतली, ती जहाजबांधणीच्या सागावर डोळा ठेवूनच. सराफ बाजारातला सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहिला की या लाकडातून काय काय उभं राहिलं ते दिसतं. अशा वास्तूंकडे बघायला निदान पुरातत्त्व खातं तरी आहे. दुधाच्या कपाटाला कोणी वाली नसतो. तुळयांचा सौदा झाला, तांब्या-पितळेची वाटणी झाली, आणि ज्याला कोणीच हात लावला नाही ते बाईंनी टेम्पोत घातलं: जाळीचं कपाट, बैठं डेस्क, आरामखुर्ची, घडवंची, दोन पाट आणि देवघर. देवघरावर थोरल्या जाऊबाईंचाही हक्क होता; ते प्रकरण पुढे येईलच.

जाळीच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, बाईंनी पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा निवडली आणि ओल्या पॉलिश पेपरनं एकेक थर उतरवत नेला. वर पिस्ता रंग, त्याखाली आकाशी, त्याखाली मळकट पिवळा, मग गुलाबी अस्तर आणि मग लाकूड. पिस्ता रंग थोरल्या दिरांच्या लग्नातला, हे जाऊबाईंनी फोनवर एका क्षणात सांगितलं. आकाशी थर १९६९ नंतरचा असणार. कारण त्याच्याखाली, गुडघ्याच्या उंचीवरच्या आडव्या फटीत, राखाडी गाळ घट्ट बसलेला होता. त्या वर्षी गंगेला, म्हणजे गोदावरीला, आलेल्या महापुराच्या खुणा जुने नाशिककर अजून दाखवतात, आणि पाणी चढलं की दहीपूल आणि सराफ बाजार सर्वांत आधी भिजतात. कपाट पुरात उभं राहिलं, वाळलं आणि आकाशी रंग लावून पुन्हा दुधाच्या कामाला लागलं.

लाकूड बघितल्यावर मात्र वेगळीच गोष्ट कळली. चौकट आणि पाय सागाचे, फळ्या आंब्याच्या, आणि पाठीला कुठल्याशा माल आलेल्या खोक्याच्या देवदारी फळ्या. एकीवर छापील अक्षरांचा पुसट ठसासुद्धा होता. म्हणजे सुतारानं हाताशी होतं ते लाकूड वापरलं, कारण वरून रंग लागणारच होता. हल्ली जुनं फर्निचर दिसलं की ते खरवडून उघडं करण्याची हौस आली आहे. रंगाखाली नेहमी शिसवच दडलेलं असतं, अशी एक समजूत आहे. बाईंना हे पटत नाही. शिसवीचं किंवा सागाचं सलग काम कोणीतरी पुढे ऑइल पेंटनं माखलं असेल तर तो रंग जरूर काढावा. पण जे घडवतानाच रंगासाठी घडवलं, त्याच्या अंगावरचं उतरवून त्याची तीन जातींची लाकडं चारचौघांत दाखवायची, यात कसला आलाय आदर? मध्यमवर्गी घरातलं बहुतेक सामान असंच होतं. या कपाटाला पुन्हा रंगच द्यायचा, हे त्या तिकिटाएवढ्या चौकोनावर ठरलं.

आणि त्याच चौकोनानं काम अडवलं. पिवळा थर आणि गुलाबी अस्तर बघून विज्ञानाच्या बाई सावध झाल्या. जुन्या पिवळ्या ऑइल पेंटमध्ये लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं. जुन्या पद्धतीच्या गुलाबी अस्तराचा गुलाबीपणाही पांढऱ्या शिशात शेंदूर मिसळून आलेला. आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी: दहा लाख भागांत ९० भाग, आणि अंमल नोव्हेंबर २०१७ पासून. त्यामुळे त्याआधीचा कुठलाही थर शिशाचा आहे असं धरूनच बाई चालतात. रंग जागेवर घट्ट असतो तोवर फारसं बिघडत नाही. कोरडा पॉलिश पेपर फिरला की त्याची धूळ होते, ती फरशीवर बसते, आणि रांगतं पोर फरशीवरचे हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि इतकं शिसं चालतं असं सांगणारी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेनंही दिलेली नाही.

म्हणून गॅलरीत कडक शिस्त आहे. घासायचं ते पाण्याचा पॉलिश पेपर भिजवूनच. खाली जाड प्लास्टिक. झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. नातवंडं आली की काम थांबतं. कामाचा गाऊन वेगळा धुतला जातो. खरवडलेला रंग झाकणाच्या डब्यात साठतो आणि घंटागाडी आली की ओल्या-सुक्यात न मिसळता, काय आहे ते सांगून वेगळा दिला जातो. मिस्त्रींना हे सगळं जरा अतिच वाटलं. "बाई, चाळीस वर्षं ही धूळ खातोय मी. काय झालं मला?" बाईंनी वाद घातला नाही, कापडी नव्हे, एन-९५ मास्क त्यांच्या हातात ठेवला. मिस्त्रींनी तो मान राखून लावला. हनुवटीवर.

रंग काढायचे मार्ग तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही खोड आहे. बाजारात मिळणारं रिमूव्हर लावलं की रंग फुगून सुटतो, काम झटपट होतं. पण त्यात मिथिलीन क्लोराइड असेल तर जपून. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचते; शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद न्हाणीघरात काम करताना माणसं दगावल्यावर अमेरिकेत २०१९ मध्ये अशा रिमूव्हरची घरगुती ग्राहकांना होणारी विक्री थांबवली गेली. आपण मात्र डब्यावरची बारीक अक्षरं न वाचता तो डबा बाथरूममध्येच उघडतो, कारण फरशी धुवायला सोपी! जुने रंगारी कॉस्टिक सोडा वापरत. त्यानं रंग निघतो, पण साग काळवंडतो आणि सांधेही सैल होतात. हीट गन फार तापली तर शिशाची वाफ नाकात जाण्याची भीती.

मिस्त्रींचं आवडतं हत्यार फुकटातलं आहे: फुटलेल्या खिडकीच्या काचेचा तुकडा. ऑइल पेंट निघून लाकडाला चिकटून राहिलेला शेवटचा पातळ थर ते काचेनंच काढतात. तुकडा तळहातात मावेल एवढा, वरच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दोन्ही अंगठे मागून टेकवायचे, काच किंचित पुढे झुकवायची आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं ओढायची. धार ठीक असेल तर आरपार दिसणारा पापुद्रा गुंडाळत वर येतो आणि काचेखालून एक बारीक, कोरडा आवाज येत राहतो. पापुद्र्याऐवजी भुकटी यायला लागली की धार गेली. तो तुकडा बाजूला, दुसरा घ्यायचा. मिस्त्री बोलत बोलत काच ओढतात, पण कान त्या आवाजावर असतात. पॉलिश पेपर यानंतर येतो. आधी ८०, मग १२०, मग १८०. रंगासाठी तेवढं पुरतं. त्याहून गुळगुळीत केलं तर रंगाला धरायला काही उरत नाही. पॉलिशच्या कामाला मात्र २२० आणि ३२० पर्यंत जावं लागतं, आणि कुठेही आडवा हात फिरला असेल तर पॉलिश चढल्यावर तो ओरखडा उजेडात येतोच.

रंग उतरल्यावर कपाटाचे पाय दिसले. चारही पाय वरून ठणठणीत आणि खालून चार बोटं कुजलेले. कारण सोपं होतं. दुधाला मुंग्या लागू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत, आणि हे कपाट जन्मभर तसं उभं राहिलेलं. लाकूड उभ्या रेषेतून, खालच्या कापलेल्या तोंडानं पाणी वर ओढतं. मिस्त्रींनी कुजका भाग तिरपा कापून काढला आणि वाड्याच्याच एका चौकटीच्या तुकड्यातून नवी टोकं जोडली. सरळ कापापेक्षा तिरप्या कापात चिकटायला जागा जास्त मिळते. नव्या टोकांच्या तळाला बाईंनी अस्तराचे दोन हात आधीच देऊन ठेवले. बघायला कोणी येणार नाही, पण पाणी तिथूनच शिरतं.

आरामखुर्चीच्या सांध्यांत खिळा नव्हता. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, आत सरस. फेविकॉल बाजारात आला १९५९ मध्ये. त्याआधी सुताराच्या कामात सरसच असायचा, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला, गरम करून लावायचा. सरसाची एक गंमत आहे: गरम पाण्याचं फडकं बराच वेळ गुंडाळून ठेवलं की तो पुन्हा मऊ होतो आणि सांधा न मोडता उघडतो. म्हणजे ज्यानं खुर्ची केली त्यानं ती पुढच्या सुतारासाठी उघडता येईल अशी केली. मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत मात्र एका हाताला फेविकॉल आणि वर दोन खिळे ठोकलेले. तो सांधा उघडायचा तर लाकूड फुटणार. मिस्त्रींनी खिळ्यांकडे बघून तोंड वाकडं केलं आणि तो हात जसा होता तसा राहू दिला.

मग लांबी भरण्याचं काम. भोकं, चिरा, जुन्या कड्यांच्या जागा. तयार पुट्टी मिळते. मिस्त्री त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल मळून मोठे खड्डे भरतात आणि वर खडूच्या पुडीची लांबी ओढतात. ही पूर्वतयारीची हौस नवी नाही. सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या पत्त्यांवर रंगाआधी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देतात, तो घोटून गुळगुळीत करतात, मग चित्र आणि सर्वांत वर लाख. गेल्या शतकाच्या सत्तरीत ही कला विझत आली होती, तेव्हा राजे शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. त्याच शैलीतले पाट, चौरंग आणि खुर्च्या आजही तिथे रंगवल्या जातात. आपण कौतुक करतो ते दशावताराच्या चित्राचं. चित्र टिकतं ते खालच्या लेपामुळे.

लाख बाईंच्या गॅलरीतही आहे, डालड्याच्या जुन्या डब्यात. कपाटाची चौकट सागाची. सागातलं तेल आणि त्यातली रंगद्रव्यं फिक्या रंगातून हळूहळू वर येतात आणि महिनाभरानं पांढऱ्या दारावर तपकिरी डाग उमटतात. रंगवणारा कंपनीला शिव्या घालतो. त्यावर मिस्त्रींचा उपाय चपडीचा, म्हणजे साफ केलेल्या लाखेचा. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून लाख मिळते. झारखंड-छत्तीसगडात तिचं पीक मोठं, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीतही निघते. तिच्यावर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ १९२४ पासून आहे. चपडी स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, कापडातून गाळायची आणि खाली बसलेलं मेण न ढवळता वरचं निवळ तेवढं वापरायचं, कारण मेणावर पुढचा रंग धरत नाही. असा एक पातळ हात दिला की लाकडातलं लाकडात राहतं. स्पिरिट म्हटलं की आगपेटी आणि गॅस लांब ठेवायचा, हेही आलंच. पांडवांसाठी बांधलेल्या घराला लाखच का निवडली, हे बाईंनी नातवाला याच डब्यावरून समजावलं.

हे सगळं पावसाळ्यात चालत नाही. आषाढ-श्रावणात चपडीचा हात दिला तर तो दुधी पडतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि लाखेत अडकतं. मिस्त्री त्या दिवसांत पॉलिशची कामं घेतच नाहीत. दसऱ्यानंतर फोन करा म्हणतात. बैठ्या डेस्काचा खण पावसात अडकायला लागला तेव्हा बाईंच्या पुतण्यानं रंधा मारायची तयारी केली होती. बाईंनी हात धरला. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. आज खरवडलेला खण वैशाखात खुळखुळणार. तोवर कडेला मेणबत्ती घासायची आणि दम धरायचा. थंडीचीही एक अडचण आहे. ऑइल पेंट नुसता सुकत नाही, तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि पारा उतरला की ते काम मंदावतं. डिसेंबरातल्या नाशिकमध्ये हाताला कोरडा लागणारा रंग आत अजून ओला असतो. त्यावर पितळी डबे मांडले की खाली गोल ठसे उठतात.

एवढं झाल्यावर रंग लावायला लागतो तो एखादा दिवस. पातळ हात, दोन हातांत पुरेसं अंतर, मध्ये हलका पॉलिश पेपर, ब्रश शेवटी एकाच दिशेनं. यात सांगण्यासारखं खरंच फार नाही.

भाचीनं मध्येच चॉक पेंटची कल्पना मांडली. हा रंग इंग्लंडमधल्या ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणला. न घासता, अस्तर न देता थेट लावता येतो ही त्याची जाहिरात, आणि दिसतो मातकट, सुंदर. बाईंनी एका पाटावर तो लावून बघितला. भिंतीला टेकवून ठेवायचा पाट म्हणून छान झाला. पण रोज पुसलं जाणारं, हळद-तेलाचे हात लागणारं कपाट त्यावर वर्षभर निघेल, असं त्यांना वाटलं नाही, वरून मेण चोळलं तरी. शिवाय खालच्या शिशाच्या थराचं काय, हा प्रश्न न घासता सुटत नाही, नुसता झाकला जातो. झाकणंही कधीकधी बरोबर असतं, असं भाचीचं म्हणणं. घट्ट बसलेल्या थराबाबत ते खरंही आहे. इथे मात्र तो पोपडे धरून सुटत होता.

कपाट शेवटी आकाशीच रंगवलं गेलं. जाऊबाईंना पिस्ता हवा होता.

त्याची भरपाई त्यांना देवघराच्या बाबतीत हवी होती. देवघर शिसवीचं, सलग, कमानीवर वेलबुट्टी. त्यावर रंग कधीच लागला नव्हता. लागलं होतं ते तेल, धूप आणि कुंकू. जाऊबाईंचा आग्रह होता की कमान सोनेरी करायची. त्यांच्या बहिणीकडे तशी आहे. बाईंनी नकार दिला असता तर दिवाळीचा फराळ अवघड गेला असता. त्यांनी मिस्त्रींना पुढे केलं. "सोनेरी रंग म्हणजे सोनं नव्हे, मोठ्या बाई," मिस्त्री अदबीनं म्हणाले. "पितळेची पूड असते ती. समईच्या धुरात दोन वर्षांत काळपट पडेल, आणि नक्षीतून काढता काढता मला रडू येईल." जाऊबाईंना पितळेचं काळं पडणं माहीत होतं. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि मग कमानीच्या घंट्या तरी नव्या हव्यात, एवढ्यावर तडजोड झाली. देवघर मऊ ब्रश आणि थोड्या टर्पेंटाइननं साफ झालं, फडक्याच्या गोळ्यानं चपडीचे हात चढले. घंट्या भांडी बाजारातून आल्या. त्या जाऊबाईंनी स्वतः निवडल्या, आणि त्यांच्या वजनानं कमानीला जोर पडू नये म्हणून मिस्त्रींना मागून एक पट्टी मारावी लागली. स्क्रूनं, खिळ्यानं नव्हे.